बिनदाखल्याची सवलत

'दाखला' हा शब्द कानावर पडला की माझं डोकं सणकतं. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. नातवाच्या शाळेचं काही कागदाचं काम निघालं की सून ते गुपचूप सासऱ्यांना सांगते. या अंकाच्या संपादकांना मात्र ठाऊक नव्हतं. ते फोनवर म्हणाले, "सावंत मॅडम, तुमच्या धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा. दिवाळी आहे, हलकंफुलकं येऊ दे." हलकंफुलकं माझ्याकडे थोडं आहे, ते आधी उरकते. मग जे सांगायचंय ते सांगते.

मी पेटंट एजंट. चौतीस वर्षं हेच केलं. आधी फोर्टात एका मोठ्या वकिली कंपनीत टायपिस्ट, मग परीक्षा देऊन एजंट, आणि शेवटची अठरा वर्षं अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये स्वतःची पाटी लावून. खालच्या गाळ्यात प्लास्टिकच्या बाटल्यांची झाकणं पडत असायची, वर मी लोकांच्या डोक्यातल्या गोष्टी कागदावर उतरवत असायचे. वडील गिरणीत साचेखात्यात होते. मालवणचे नातेवाईक अजून विचारतात, "म्हणजे तू नक्की करतंस काय गो?" तर त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी एकदाच सांगते.

पेटंट म्हणजे सरकारशी केलेला सौदा. तुम्ही काहीतरी नवं शोधलंत. ते कसं बनतं, हे तुम्ही सगळ्या जगाला उघड लिहून द्यायचं. त्या बदल्यात सरकार म्हणतं, वीस वर्षं तुमच्या परवानगीशिवाय ते दुसऱ्या कोणी बनवायचं नाही. सौद्याची एक अट फार कडक. अर्ज दाखल होईपर्यंत ती गोष्ट बाहेर फुटता कामा नये. अर्जाच्या आदल्या दिवशी जरी तुम्ही ती कुठे छापलीत किंवा चारचौघांत मांडलीत, तरी ती 'नवी' उरत नाही, मग भले शोध तुमचाच असो. सरकारने जाहीर केलेल्या प्रदर्शनांसारखे थोडे अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर कोणी बसू नये. आमच्यात म्हणून म्हणायची पद्धत होती, आधी अर्ज, मग कौतुक. काम अर्धवट असेल तर कच्चा अर्ज टाकावा, पक्का करायला बारा महिने मिळतात.

यावर लोक काय काय करतात ते ऐका. पार्ल्याचे एक निवृत्त गृहस्थ इंधनाशिवाय चालणारं इंजिन घेऊन आले. इंजिन म्हणजे नुसती पिशवी, तोंड दोरीने बांधलेलं. मी म्हटलं, उघडा. ते म्हणाले, "आणि तुम्ही चोरलंत तर?" मी म्हटलं, मला कळल्याशिवाय मी लिहिणार काय? "तेच तर तुमचं कौशल्य," असं म्हणून ते पिशवी घेऊन गेले. दर श्रावणात यायचे. आणखी एक चारकोपचे फॅब्रिकेशनवाले. उत्तम कारागीर, ग्रिलच्या खिडकीला आतून उघडणारी कडी काढली होती त्यांनी, आगीत माणसं अडकू नयेत म्हणून. पण सर्टिफिकेटवर नावाला वजन यावं म्हणून अर्जाच्या आठवडाभर आधी त्यांनी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली आणि अर्ज तिच्या नावाने भरला. छोटा उद्योग म्हणून सरकारदरबारी होणारी 'उद्यम' नोंदणी कंपनीने केलीच नव्हती. झालं, फी पाचपट. "मॅडम, नाव कसं भारदस्त वाटतं ना," म्हणाले. मी म्हटलं, वाटणारच, त्याचेच तर पैसे घेतलेत.

हलकंफुलकं संपलं.

आता फीचं सांगते. मोठ्या कंपनीला ऑनलाइन अर्जाची फी आठ हजार रुपये, साध्या माणसाला सोळाशे. पुढच्या फीचंही साधारण तसंच. छोट्या उद्योगाला आणि मान्यता मिळालेल्या स्टार्टअपलाही ही कमी फी आहे, पण त्यांना ते सिद्ध करावं लागतं. अठ्ठावीस नंबरचा फॉर्म भरायचा, सोबत उद्यम नोंदणीचं किंवा स्टार्टअपचं प्रमाणपत्र लावायचं. साध्या माणसाला मात्र काहीही सिद्ध करावं लागत नाही. तुमची मिळकत किती, जात कुठली, शिक्षण किती, राहता कुठे, कोणी विचारत नाही. स्वतःच्या नावाने अर्ज करायचा, 'नैसर्गिक व्यक्ती' असं लिहिलेल्या चौकोनात खूण करायची, संपलं. पुढे तो अर्ज तुम्ही एखाद्या मोठ्या कंपनीला देऊन टाकलात, तर फीमधला फरक भरावा लागतो, इतकंच.

उभ्या आयुष्यात मी पाहिलेली ही एकच सरकारी सवलत, जिला दाखला लागत नाही. आणि नेमकी तीच लोकांना खरी वाटत नाही. कशी वाटेल? फॉर्म इंग्रजीत. वेबसाइट अशी, की मला चौतीस वर्षांनी अजून त्यात वाट सापडत नाही. वर आमचे धंदेवाले. सरकारने फी पाच हिश्श्यांतला एक हिस्सा केली, तर आमच्या काही महाभागांनी 'सवलत मिळवून देण्याचं पॅकेज' काढलं. फुकट असलेली गोष्ट विकत द्यायची, तीही रांगेतल्या शेवटच्या माणसाला. असे दोघे-तिघे मला सभा-समारंभात भेटले. त्यांच्याशी मी हातही मिळवला नाही.

शकुंतलाबाई गायकवाड माझ्याकडे आल्या त्या एका शनिवारी दुपारी, ड्युटी संपवून. वाकोल्याला राहायच्या, घाटकोपरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात आया होत्या. वॉर्डात सगळे त्यांना शकुमावशी म्हणत. वय पन्नाशीचं, अंगाने बारीक, आणि बोलायच्या आधी दोन सेकंद थांबायची सवय. कुठल्याशा मासिकात माझ्या ऑफिसचा पत्ता मिळाला, म्हणाल्या.

त्यांचा शोध असा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. बेडसोर. जड माणूस असला तर दोन आया लागतात, आणि दुसरी आया कधी मोकळी नसते. शकुंतलाबाईंच्या नवऱ्याला पक्षाघात झाला, ते अडीच वर्षं घरी पडून होते. पोरं तेव्हा लहान, घरात दुसरं मोठं माणूसच नव्हतं. म्हणून बाईंनी डोकं चालवून पलंगाला लावायची एक चौकट केली. जाड कॅनव्हासची चादर, दोन कडांना दोन पाइप, एका बाजूला हँडल आणि दातेरी चाक. हँडल फिरवलं की चादरीची एक कड हळूहळू उचलली जाते आणि माणूस आपोआप कुशीवर वळतो. चाकाला एक खटका, म्हणजे हात सुटला तरी पेशंट मागे आपटत नाही. चारकोपच्या एका गाळ्यात त्यांचे दीर वेल्डिंग करायचे, त्यांच्याकडून बनवून घेतलं.

"आमचे हे गेले तेव्हा पाठ बघितली मी," त्या म्हणाल्या. "एक डाग नव्हता."

मी चौतीस वर्षांत शेकडो शोध पाहिले. ज्याला मी मनातल्या मनात उठून नमस्कार केला, असे चार-पाच असतील. हा त्यातला. मी म्हटलं, झकास काम केलंत, आजच अर्ज टाकू. तेव्हा त्यांनी पिशवीतून एक जाडजूड फाइल काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

पहिला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. मग जातीचा. मग रहिवासाचा. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला. शाळा सोडल्याचा. शाळेच्या दाखल्यावर 'शकुंतला' आणि रेशनकार्डावर 'शकुंतलाबाई', म्हणून दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र. सगळ्याच्या तीन तीन झेरॉक्स, प्रत्येकीवर हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरांची सही आणि शिक्का.

"हे कशाला?"

"सवलतीला."

"कसली सवलत?"

"फीची, मॅडम. पूर्ण भरायची आपली ऐपत नाही. माझ्या दोन्ही पोरांची कॉलेजची फी दाखल्यांवरच माफ झाली ना. एक कागद कमी असला की परत पाठवतात, म्हणून सगळेच जमवले."

"किती दिवस लागले?"

त्यांनी बोटं मोजली. "सात महिने. उत्पन्नाच्या दाखल्याने वेळ खाल्ला. सेतूत तीनदा परत पाठवलं."

मी डोळे मिटून घेतले. सात महिने! या बाईचा अर्ज सात महिन्यांपूर्वी, एका दुपारी, एकाही कागदाशिवाय दाखल झाला असता. यातल्या कुठल्याही दाखल्याचं पेटंट ऑफिसला काडीचं काम नव्हतं. मी ते त्यांना सांगितलं, आणि नीट सांगितलं नाही. टेबलावर हात आपटून सांगितलं. "कोणी सांगितलं तुम्हाला हे? कुठल्या मूर्खाने? नाव सांगा, मी आत्ता फोन लावते."

शकुंतलाबाई दोन सेकंद थांबल्या. "असंच ऐकलं होतं," म्हणाल्या.

मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात फाइलमधला शेवटचा कागद दिसला. गुळगुळीत, रंगीत. हॉस्पिटलच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेतलं पान. 'आमच्या शकुमावशींची कल्पकता' असा मथळा, लेख मेट्रनबाईंचा. चौकटीचा मोठा फोटो, शेजारी हँडल धरून हसणाऱ्या शकुंतलाबाई, आणि खाली आकृती. पाइप, चाक, दाते, खटका, सगळं बाण काढून दाखवलेलं. फिजिओथेरपिस्टने हौसेने काढली होती. त्या पानावरसुद्धा डॉक्टरांची सही-शिक्का, 'सत्यप्रत'.

"हे कधी छापलं?"

"दोन महिने झाले. पुरावा म्हणून लावलंय, शोध माझाच आहे त्याचा."

पुरावा होताच तो. त्यांचा शोध आता नवा उरला नाही, याचा. आणि स्मरणिका हॉस्पिटलच्या वेबसाइटवरही होती.

मी सरकारला शिव्या घातल्या, सेतूला घातल्या, रेशनकार्डावर 'बाई' लिहिणाऱ्या त्या अज्ञात कारकुनाला घातल्या, आणि पुन्हा विचारलं, कोणी सांगितलं तुम्हाला दाखले लागतात म्हणून? खालच्या गाळ्यातला माणूस वर येऊन बघून गेला. शकुंतलाबाई फाइलची नाडी बांधत होत्या. "ते जाऊ द्या ना, मॅडम," एवढंच म्हणाल्या.

अर्ज मी त्याच दिवशी टाकला. सोळाशे रुपयांत, बिनदाखल्याचा. टाकण्याआधी मी विचारलं, स्मरणिका छापल्यानंतर काही बदल केलात का यात? केला होता. पेशंट वळला की एका हाताने त्याला धरावं लागतं आणि दुसऱ्या हाताने पाठ पुसावी लागते, खटका सोडायला हात उरतच नाही. म्हणून दिरांकडून त्यांनी खटक्याला खाली पायाने दाबायची पट्टी लावून घेतली होती. ती पट्टी स्मरणिकेत नव्हती. मी ती अर्जात ठळक लिहून ठेवली. अर्जदार स्त्री असली तर अर्ज लवकर तपासायला मागता येतो, फी थोडी जास्त पडते. हेही कोणाला ठाऊक नसतं. तसं मागितलं आणि वाट बघत बसलो.

तपासणीचा अहवाल काही महिन्यांनी आला. भीती होती तेच. परीक्षकाने स्मरणिकेचं पान शोधून काढलं होतं. चूक त्याची नव्हती, त्याने काम चोख केलं होतं. चौकट जुनी, चाक जुनं, खटका जुना, असं त्याने स्वच्छ लिहिलं होतं.

एक वाट होती. कायद्यात असं आहे, की शोधकाकडून मिळालेली माहिती त्याच्या संमतीशिवाय कोणी छापली, आणि ते कळताच त्याने लगोलग अर्ज केला, तर त्या छापण्याने त्याचा हक्क जात नाही. 'लगोलग' पुढे मी दोन महिने कसे रेटणार होते ते माझं मला ठाऊक, पण रेटले असते. मी प्रतिज्ञापत्र टाइप करून ठेवलं आणि शकुंतलाबाईंना बोलावलं.

"मेट्रननी तुम्हाला न विचारता छापलं, एवढंच लिहायचंय. सही करा."

त्या दोन सेकंद थांबल्या. "पण त्यांनी विचारलं होतं."

"तोंडी ना? कुठे लिहून आहे?"

"कँटीनमध्ये विचारलं, शकू, छापू का गं? मी म्हटलं छापा. वर दोन कॉपी जास्तीच्या मागून घेतल्या, पोरांसाठी."

"शकुंतलाबाई, चौकट जाईल. सगळं जाईल. कोणीही उचलेल आणि बनवेल."

"आणि मेट्रनना विचारायला आले तर?"

"विचारू दे. त्या काय जेलमध्ये जात नाहीत."

"मॅडम, माझी चौकट वॉर्डात पहिल्यांदा लावायला कोणी दिली? डॉक्टर नाही म्हणत होते. त्या म्हणाल्या, जबाबदारी माझी. एखादा पेशंट पडला असता तर त्यांची नोकरी गेली असती. आता मी लिहू, की त्यांनी चोरून छापलं?"

मी पुष्कळ बोलले. खोटी सही घ्यायला मी निघाले होते, हे मला तेव्हा दिसलं नाही असं नाही. दिसलं होतं. मला वाटलं, सात महिने खोट्या कामात घालवायला लावले या व्यवस्थेने, एक ओळ खोटी आपणही परत देऊ. आजही मला त्याची पुरेशी लाज वाटत नाही. शकुंतलाबाईंनी प्रतिज्ञापत्र सुलटं करून माझ्याकडे सरकवलं आणि डब्यातली चपाती खाऊन घेते म्हणाल्या, संध्याकाळची ड्युटी होती.

मग आम्ही चौकट सोडली. चाक सोडलं, खटका सोडला. मागणी उरली ती पायाने दाबायच्या पट्टीपुरती. सुनावणी व्हिडिओवर झाली, वीस मिनिटांत आटोपली, आणि पेटंट मिळालं. एका बोटभर लोखंडी पट्टीचं.

तोवर पलंग बनवणाऱ्या एका कंपनीने स्मरणिकेतल्या आकृतीबरहुकूम चौकटी बाजारात आणल्या होत्या. हुबेहूब, फक्त पाइप चकचकीत स्टीलचे. त्यांना पट्टीची गरज नव्हती, हातानेच खटका सोडा म्हणाले. बेकायदा त्यात काही नव्हतं, मीच तपासलं. शकुंतलाबाईंच्या हॉस्पिटलनेही त्या विकत घेतल्या. आणि नव्या आयांना त्या कशा वापरायच्या, हे शिकवायचं काम कोणाला दिलं असेल? शकुमावशींना.

हे त्यांनी मला सांगितलं ते पेटंटचं सर्टिफिकेट न्यायला आल्या तेव्हा. सहज सांगितलं, 'आज भाजीला भेंडी केली' तसं. मी ऑफिस आवरायला घेतलं होतं, कपाटं रिकामी होती, पाटी उतरवून भिंतीला टेकवली होती. ते ऐकून मी पुन्हा उसळले. उभ्या राहिलेल्या शकुंतलाबाईंना म्हटलं, आता तरी सांगा. मी उद्यापासून घरी बसणार. मला फक्त एकदा त्या माणसाला गाठायचंय, ज्याने तुम्हाला दाखले जमवायला सांगितले. तुमचं सगळं त्याने घालवलं.

त्यांनी सर्टिफिकेट पिशवीत घातलं. नेहमीपेक्षा जास्त थांबल्या. मग पिशवीतून एक दोनशे पानी वही काढली, औषधांच्या वेळा लिहायची, आणि मधलं पान उघडून माझ्यापुढे धरलं. वर तारीख. खाली 'पार्ले, हॉल'. त्याच्याखाली माझं नाव.

"लघुउद्योगवाल्यांचा कार्यक्रम होता," त्या म्हणाल्या. "छोट्या संशोधकांना फीमध्ये सवलत, असा बोर्ड लावला होता. मी रजा टाकून आले होते. शेवटून दुसऱ्या रांगेत."

कार्यक्रम मला आठवला. समोर सगळे कारखानदार होते, म्हणून पाऊण तास मी प्रमाणपत्रांवरच बोलले होते. वहीत माझं वाक्य जसंच्या तसं होतं, खाली दोन रेघा ओढून. 'प्रमाणपत्र जोडल्याशिवाय सवलत मागू नका, अर्ज अडकेल.' साध्या माणसाला काही जोडावं लागत नाही, हे मी बोललेच नव्हते. त्यात सांगण्यासारखं काही आहे, असं मला वाटलं नव्हतं.

"मी हात वर केला होता," शकुंतलाबाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, प्रश्न शेवटी. शेवटी तुमच्याभोवती साहेब लोक होते."

मला बसावंसं वाटलं, पण खुर्च्या सकाळीच टेम्पोत गेल्या होत्या. मी म्हटलं, "मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत? मी किती वेळा विचारलं तुम्हाला."

त्यांनी वही मिटून पिशवीत ठेवली.

"विचारत कुठे होतात, मॅडम," त्या म्हणाल्या. "ओरडत होतात."